गिरणेचं पाणी खरंच घटलं का? दापुरीच्या नोंदी कशा वाचायच्या

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. आमचं गाव जामदा बंधाऱ्याच्या खाली, गिरणेच्या काठावर. लहानपणी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या बहिणी गौराईची गाणी म्हणत नदीवर जायच्या, तेव्हा धारेला घोट्याच्या वर पाणी असायचं. यंदा आखाजीला मी त्याच जागी उभा होतो. वाळूत झिरे खोदलेले, एका झिऱ्यात हंडा भरायला बाईला अर्धा तास लागत होता.

पारावर बसलं की तीन मतं ऐकू येतात. पाऊसच कमी झाला, हे पहिलं. वरच्यांनी, म्हणजे कळवण-बागलाण-मालेगावकडच्यांनी अडवलं, हे दुसरं. वाळू नेली म्हणून नदी खाली गेली, हे तिसरं. तिन्ही मतांची माणसं तितक्याच खात्रीने बोलतात आणि आकडा कोणाच्याच हातात नसतो.

म्हणून मी केंद्रीय जल आयोगाच्या गिरणेवरच्या दापुरी केंद्राच्या रोजच्या विसर्गाच्या नोंदी इंडिया-डब्ल्यूआरआयएस या सरकारी संकेतस्थळावरून उतरवून घेतल्या. तापी खोरं गंगा-सिंधू-ब्रह्मपुत्रेसारखं गोपनीय वर्गात नाही, त्यामुळे नोंदी सर्वांना खुल्या आहेत. एक्सेलमध्ये वर्षाचा एकूण प्रवाह काढून सरळ रेघ मारून पाहिली. पण सुरुवातीचं वर्ष दोन-तीन वर्षं पुढे-मागे सरकवलं की रेघेचा उतारच बदलतो. अशी रेघ ग्रामसभेत कोणत्या तोंडाने दाखवू?

मला विचारायचंय ते एवढंच. नदी बदलली हे नोंदीवरून कसं ओळखायचं, आणि बदलली असेल तर कशामुळे बदलली हे त्याच नोंदीवरून कळतं का?

तापीतीर

आधी दोन गोष्टी तपासून घ्या. वर्ष जानेवारी ते डिसेंबर धरलंय का? आपल्याकडे जलवर्ष १ जून ते ३१ मे. जानेवारीपासून धरलं तर एका पावसाळ्याचं पाणी दोन वर्षांत विभागलं जातं. दुसरं, रिकामा रकाना आणि शून्य यात फरक आहे. शून्य म्हणजे माणूस गेला, पाहिलं, पाणी नव्हतं. रिकामा म्हणजे मोजलंच नाही. एक्सेलने बेरीज करताना रिकामा रकाना शून्यासारखाच सोडून दिला असेल, तर तुमचं ते वर्ष विनाकारण कोरडं दिसेल.

आकडेमोड

गिरणाकाठ दादा, सरळ रेघ सोडून द्या. नदीचा प्रवाह सरासरीभोवती नीट पसरलेला नसतो. एखाद्या वर्षी धरण भरून सांडवा वाहतो, ते एकच वर्ष अख्खी रेघ ओढून नेतं. आपल्याकडे १९७२, २०१५, २०१८ सारखी दुष्काळी वर्षं आहेत आणि २०१९ सारखंही आहे, गिरणा धरण भरलं ते. नोंद दुष्काळात सुरू झाली की रेघ वर जाते, दुष्काळात संपली की खाली येते. नदी तीच असते.

त्याऐवजी मान-केंडल चाचणी वापरा. नाव जड आहे, काम सोपं. प्रत्येक वर्षाची त्याच्या नंतरच्या प्रत्येक वर्षाशी जोडी लावायची. नंतरचं मोठं असेल तर +१, लहान असेल तर −१, आणि सगळ्याची बेरीज. किती मोठं हे बघायचंच नाही, त्यामुळे एका महापुराचं वजन बाकीच्यांइतकंच राहतं.

उदाहरण कल्पनेतलं आहे, कोणत्याही केंद्राचं नाही. समजा ८ वर्षांचे एप्रिलचे सरासरी विसर्ग ९, ७, ८, ५, ६, ४, ४.५, ३ क्युमेक (सेकंदाला घनमीटर) आहेत. जोड्या २८. वहीवर केलंत तर बेरीज −२२ येते. नुसत्या योगायोगाने अशी बेरीज साधारण किती इकडेतिकडे होऊ शकते, ते सूत्राने निघतं, ८ वर्षांसाठी सुमारे ८.१. बेरीज एकाने शून्याकडे सरकवायची, म्हणजे −२१, आणि तिला ८.१ ने भागायचं. येतात −२.६. आकडा १.९६ च्या पलीकडे गेला की ही घट योगायोगाची नसावी असं शंभरात पंचाण्णवच्या खात्रीने म्हणता येतं. घट दरवर्षी किती, हे सेनच्या उताराने काढायचं. सगळ्या जोड्यांचे उतार काढून त्यातला मधला घ्यायचा.

घट हळूहळू झाली की एका वर्षी पायरी पडली, हा वेगळा प्रश्न आहे. त्यासाठी पेटिटची चाचणी, १९७९ सालची. नोंद कोणत्या वर्षी दुभंगते ते ती दाखवते. पाऊस हळूहळू बदलेल, धरण मात्र एका वर्षात उभं राहतं. म्हणून पायरी सापडली की आधी त्या सुमारास वर काय बांधलं गेलं ते शोधायचं.

सावध राहायची एक जागा आहे. धरणातलं उरलेलं पाणी पुढच्या वर्षी सोडतात, त्यामुळे धरणाखालच्या नदीची वर्षं एकमेकांना बांधलेली असतात. ही साखळी न काढता चाचणी केली तर ती उगाच ‘बदल आहे, बदल आहे’ म्हणते. आर किंवा पायथॉन या संगणक भाषांमध्ये यासाठी सुधारित मान-केंडल तयार मिळते, तीच वापरा.

पाटकरी-नाना

मी पाटबंधाऱ्यात होतो, कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. चाचण्या मला कळत नाहीत, ताई सांगतात ते बरोबरच असेल. पण आकडा कुठून येतो हे माहीत नसेल तर चाचणी कशावर करणार, म्हणून लिहितो.

केंद्रावरचा माणूस रोज विसर्ग मोजत नाही. तो पट्टी वाचतो. काठावर पायऱ्या-पायऱ्यांनी खांब उभे असतात, त्यावर सेंटिमीटरच्या खुणा. पावसाळ्यात दर तासाला वाचन होतं. विसर्ग अधूनमधून मोजतात. पुलावरून नाहीतर नावेतून करंट मीटर सोडायचा, पात्राचे भाग पाडायचे, प्रत्येक भागात खोलीच्या सहादशांश भागावर वेग घ्यायचा. अशा पुष्कळ मोजण्या झाल्या की पातळी आणि विसर्ग यांची एक वक्ररेषा तयार होते. बाकीच्या दिवशी पट्टी वाचून त्या रेषेवरून विसर्ग काढतात. तुमच्या फाइलमधले बरेच आकडे असे रेषेवरून आलेले असणार.

आता वाळूचं बघा. पात्रातली वाळू उपसली, तळ वीतभर खाली गेला. पाणी तितकंच वाहतंय, पण पट्टीवर ते वीतभर खाली दिसणार. रेषा जुनीच ठेवली तर विसर्ग कमी निघणार. पुरात वीतभराने काही बिघडत नाही, पण उन्हाळ्यात अख्खी धारच वीतभर असते. म्हणजे नदी घटली नाही तरी कागदावर घटली. मी स्वतः एका बंधाऱ्याखाली हे पाहिलंय. पट्टीचा शेवटचा खांब पाण्याबाहेर, त्याच्या पायाचं काँक्रीट उघडं पडलेलं आणि धार दहा हात पलीकडून वाहत होती. वाचनाच्या वहीत त्या दिवशी ‘निरंक’.

दुसरं, आवर्तन. गिरणा धरण १९६९ चं, पांझणचं. तिथून पिण्यासाठी आणि रब्बीसाठी नदीत पाणी सोडतात, जामद्याला ते अडवून उजव्या-डाव्या कालव्याला वळवतात. तुम्ही जानेवारी ते मेचा आलेख काढा आणि डोळ्यांनी बघा. पावसाळ्याचं पाणी ओसरताना उतरण गोल असते, हळूहळू खाली जाते. आवर्तनाचा आकार पेटीसारखा दिसतो. एकदम वर, काही दिवस सपाट, मग एकदम खाली. त्या पेट्या म्हणजे नदी नव्हे, त्या धरणाच्या दारांच्या चाव्या आहेत. एप्रिलचा सरासरी विसर्ग काढाल तर तुम्ही पाणी वाटपाच्या बैठकीचा निर्णय मोजताय.

आमच्या काळी शेतकरी भेटला की पहिला प्रश्न, ‘औंदा धरण भरी का?’ त्या एका प्रश्नावर सगळा उन्हाळा ठरायचा. आताही तसंच आहे.

मोसमकाठ

मी बागलाणचा. ‘वरच्यांनी अडवलं’ हे वाचलं म्हणून लिहितोय, राग नाही.

चणकापूर, पुनद, आरमवरचं केळझर, मोसमवरचं हरणबारी, ही धरणं आमच्याकडे आहेत हे खरं. पण त्या पाण्यावर मालेगावसारखं शहर पितं, कसमादेतला, म्हणजे कळवण-सटाणा-मालेगाव-देवळ्याचा, कांदा आणि डाळिंब उभं राहतं. आमच्याही नद्या फेब्रुवारीनंतर कोरड्या पडतात. मोसमच्या पात्रात मीही झिरे पाहिलेत. आम्हाला वाटतं खालच्यांसाठी आमच्या धरणातून पाणी जातं, तुम्हाला वाटतं आम्ही सोडत नाही. एकाच नदीचे दोन काठ नाशिक आणि जळगाव अशा दोन जिल्ह्यांच्या बैठकांत बसतात आणि एकमेकांचे आकडे कोणी वाचत नाही.

माझी विनंती एवढीच की दापुरीच्या एका पट्टीवरून आम्हाला दोषी ठरवू नका. दापुरीपर्यंत येताना गिरणा धरण आहे, जामदा आहे, पाचोरा-भडगावकडचे बंधारे आहेत, नदीकाठच्या विहिरी आहेत, मोटारी आहेत. आमच्या वाट्याचा बदल गिरणा धरणात येणाऱ्या पाण्यात शोधा.

गिरणाकाठ

मोसमकाठ दादा, तुमचं म्हणणं मला पटलं. ते वाक्य मी पारावरचं म्हणून लिहिलं होतं, पण मनात मीही तेच धरून होतो.

नानांचं वाचून काल सकाळी नदीवर गेलो. सध्या आवर्तन सुरू आहे. पात्र सरळ असलेली जागा बघून २० मीटर अंतराला दोन काठ्या रोवल्या, सुका नारळ मधल्या धारेत सोडला. पाच वेळा सोडला, सरासरी ५० सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला ०.४ मीटर. पृष्ठभागाचं पाणी जास्त पळतं म्हणून ०.८५ ने गुणलं, ०.३४ आलं. रुंदी १२ मीटर. भाच्याने काठी धरून दर मीटरला खोली घेतली, सरासरी ४० सेंटिमीटर. म्हणजे ४.८ चौरस मीटरमधून सुमारे १.६ क्युमेक, ५८ क्युसेकच्या (सेकंदाला घनफूट) आसपास.

आणि मग लक्षात आलं की त्याच जागी खोली एका हाताच्या अंतरावर ३० ची ५५ होत होती, कारण तिथे मागच्या वर्षी ट्रॅक्टर उतरले होते. एका काठीच्या जागेवर माझा आकडा किती हलतो हे हाताने कळलं. वीस वर्षांपूर्वी तिथे मोजणाऱ्याला सपाट वाळू मिळाली असणार.

आता प्रश्न बदलून विचारतो. उन्हाळ्याचा विसर्ग धरणाचा, वर्षाचा एकूण आकडा पुराचा. मग नदीचं स्वतःचं काय उरतं, ते कुठल्या आकड्यात बघायचं?

केळीबाग

रावेरकडून. आमच्याकडे मोठी धरणं कमी म्हणून आमच्या नद्यांत तुमच्या प्रश्नाचं उत्तर जरा स्वच्छ दिसतं. सुकी, मोर, भोकर या सातपुड्यातून उतरतात. डोंगराच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा जाड थर आहे, बझाडा म्हणतात त्याला, नदीचं पाणी तिथे चाळणीत ओतल्यासारखं खाली जातं. माझे आजोबा सांगायचे की पोळ्यानंतरही महिना-दोन महिने ओढे वाहते असायचे, कारण जमीन भरलेली असायची आणि जास्तीचं पाणी परत ओढ्यात यायचं. आता केळीसाठी विंधन विहिरी किती खोल गेल्यात ते यावल-रावेरच्या कोणालाही विचारा. जमीनच रिकामी, तर ओढ्याला पाणी देणार कोण? पाऊस तितकाच पडला तरी ओढा लवकर आटतो.

म्हणून माझ्या मते ऑक्टोबर-नोव्हेंबर बघावा. पाऊस थांबलेला असतो, रब्बीचं आवर्तन बहुतेक सुरू झालेलं नसतं. त्या पंधरा-वीस दिवसांत नदीत जे वाहतं ते जमिनीतून आलेलं पाणी असतं.

मे २०२५ मध्ये भोपाळला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशने तापी मेगा रिचार्जचा करार केला, खारिया गुटीघाटला पाणी अडवून ते याच बझाड्यात मुरवायचं आहे. उद्या तो प्रकल्प झाला तर आमच्या ओढ्यांत फरक पडला की नाही हे दाखवायला आजची नोंद हवी. ती कोण ठेवतंय?

आकडेमोड

केळीबाग यांचा ऑक्टोबर-नोव्हेंबर मला फार आवडला. त्यात आणखी तीन आकडे जोडते.

पहिला, वर्षातले कोरडे दिवस. विसर्ग ठरावीक मर्यादेखाली गेला असे दिवस मोजायचे. गिरणेसारख्या नदीत शून्याच्या आसपास इतके दिवस असतात की सरासरीला अर्थ राहत नाही, दिवसांना राहतो.

दुसरा, प्रवाहाचा क्रमवार आलेख. वर्षाचे ३६५ दिवस मोठ्याकडून लहानाकडे लावायचे. पहिली दहा-पंधरा वर्षं आणि शेवटची दहा-पंधरा वर्षं अशा दोन रेषा एकावर एक काढा. धरणाने पूर कापले तर डावं टोक खाली येतं. आवर्तनाने उन्हाळा भरला तर उजवं टोक वर जातं. उजवं टोक खाली आलं तर जमिनीचं पाणी गेलंय किंवा मोटारींनी उपसलंय. नानांनी सांगितलेला पट्टीचा दोषही बहुतेक याच टोकाला दिसतो, म्हणून त्यावर निर्णय देण्याआधी केंद्राचे आडवे छेद मागून घ्या. दरवर्षी पात्राचा छेद काढलेला असतो. तळ खाली गेला असेल तर त्यात दिसेल.

तिसरा, दुहेरी बेरजेचा आलेख, आणि पारावरच्या पहिल्या मताचं उत्तर यातच आहे. आडव्या अक्षावर खोऱ्यातल्या पावसाची वर्षागणिक चढती बेरीज, उभ्यावर प्रवाहाची. हवामान खात्याचा चौकटींचा पाऊस १९०१ पासून मिळतो. पाऊस कमी झाला म्हणून प्रवाह कमी झाला असेल तर बिंदू बऱ्यापैकी एका रेषेत चालत राहतात, फक्त जवळजवळ येतात. रेषा मोडून आडवी झाली, तर समजायचं की तेवढ्याच पावसातून आता कमी पाणी नदीत येतंय. म्हणजे कारण पावसाच्या बाहेरचं आहे. आपल्या कोरड्या मुलखात पाऊस दहा टक्क्यांनी घटला तर प्रवाह त्याहून जास्त घटतो, कारण जमिनीची तहान आधी भागते. म्हणून बारीक वाकण पाहून घाई करू नका, ठळक मोड शोधा.

मोसमकाठ दादांच्या म्हणण्याला हिशेबाची वाट आहे. धरणात आलेलं पाणी म्हणजे नदीत सोडलेलं, अधिक कालव्यात सोडलेलं, अधिक साठ्यात झालेली वाढ, अधिक बाष्पीभवन. धरणाच्या रोजच्या साठ्यावरून हे उलटं काढता येतं. अंदाजासाठी लक्षात ठेवा, १००० क्युसेक दिवसभर वाहिलं की सुमारे २.४५ दलघमी (दशलक्ष घनमीटर) होतात, आणि १ टीएमसीला (अब्ज घनफूट) त्याच वेगाने साडेअकरा दिवस लागतात. गिरणेचा उपयुक्त साठा साधारण साडेअठरा टीएमसी, यावरून एका पावसाळ्यात काय घडावं लागतं ते डोळ्यांपुढे येईल. अशी आवक चणकापूर, हरणबारीची काढा, गिरणेची काढा, दोन्ही पावसाशेजारी ठेवा. वरच्या धरणांत पाऊस आणि आवक यांचं नातं तसंच राहिलं आणि गिरणेत बदललं, तर बदल मधल्या पट्ट्यात झालाय. वरही बदललं असेल तर गोष्ट डोंगरापासून सुरू होते.

तापीतीर

हीच रीत मुख्य तापीला लावता येते. ७२४ किलोमीटरची नदी, ६५,१४५ चौरस किलोमीटरचं खोरं, त्यातलं पाऊणहून जास्त महाराष्ट्रात. मुलताईहून येणारं पाणी बुऱ्हाणपूरला मोजतात, पूर्णेचं येरळीला. दोन्ही मिळून वरची बाजू. हतनूर धरणाच्या खाली आणि गिरणेच्या संगमाच्याही खाली सावखेडा केंद्र. सावखेड्यातून वरचे दोन वजा केले की वाघूर, गिरणा आणि सातपुड्याच्या ओढ्यांचा, म्हणजे बराचसा खान्देशाचा वाटा समोर येतो. हतनूर १९८२ चं, म्हणून आधीची-नंतरची अशी वर्षं वेगळी ठेवा.

सारंगखेड्याच्या नोंदीत मात्र बॅरेजांचा विचार करावाच लागेल. दारं बंद असताना पाणी तुंबून पातळी चढते, ती प्रवाहाची पातळी नसते. आणि खाली उकाई आहे, १९७२ पासून. २००६ च्या सुरतच्या पुरानंतर तिथल्या लोकांना आपल्याकडच्या पट्ट्यांचे आकडे वेळेवर मिळणं हा जीवनमरणाचा प्रश्न झाला. आपण उन्हाळ्यासाठी वाचतोय त्याच वह्या ते पावसाळ्यासाठी वाचतात.

पाटकरी-नाना

छेदाचं ताई बोलल्या ते महत्त्वाचं. अर्ज करताना नुसती ‘माहिती मिळावी’ असं लिहू नका. केंद्राचं नाव, वर्षं, ‘पावसाळ्यापूर्वीचा व पावसाळ्यानंतरचा आडवा छेद’ आणि ‘पातळी-विसर्ग तक्ता कोणत्या तारखेपासून बदलला’ असं स्पष्ट लिहा. मोघम अर्जाला मोघम उत्तर येतं, हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी अनुभवलंय.

मोसमकाठ

हरणबारी आणि केळझरचे रोजचे साठे वर्तमानपत्रातून मी २०१५ पासून वहीत उतरवत आलोय, कांद्याच्या लागवडीचा अंदाज घ्यायला. मधले काही आठवडे नाहीत. फोटो काढून टाकतो, पण टाइप तुम्हाला करावं लागेल.

गिरणाकाठ

टाइप मी करतो दादा, भाचा मदतीला आहे. जिथे आठवडे नाहीत तिथे रकाना रिकामाच ठेवतो, शून्य नाही.

नानांनी सांगितलं तसा अर्ज आज लिहिला. सरळ रेघेचा आलेख ग्रामसभेत दाखवणार नाही. त्याऐवजी दापुरीच्या प्रत्येक वर्षाचे ऑक्टोबर-नोव्हेंबरचे पावसाविना गेलेले दिवस वेगळे काढायला घेतलेत. परतीचा पाऊस झाला त्या वर्षी किती दिवस सोडून मोजायला सुरुवात करायची, आठ की दहा? आकडेमोड ताई, एवढं सांगाल का?

आकडेमोड

शेवटच्या मोठ्या सरीनंतर उतरण गोल होऊन सपाट व्हायला लागते तिथून. दहा दिवस धरा आणि सगळ्या वर्षांना तेच दहा ठेवा. नंतर सात आणि पंधरा धरूनही एकदा करून बघा. तिन्हींत उत्तर एकच आलं तर इथे टाका, वेगळं आलं तरी टाका.